साठ अंशांतला बर्फ

महाराष्ट्रात दर वर्षी बर्फ पडतो. भूगोलाच्या पुस्तकात तसा उल्लेख नाही आणि हवामान खात्याच्या कानावरही ही गोष्ट नसावी. पण डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की इंग्रजी शाळांच्या खिडक्या, मॉलची छतं, केकच्या दुकानांच्या काचा, इतकंच काय, दातांच्या दवाखान्याचं काउंटरसुद्धा या बर्फानं भरून जातं. बाहेर पारा तिशीला टेकलेला असतो, रिक्षावाला मानेचा घाम पुसत असतो, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत असतं आणि काचेच्या आत पांढरेशुभ्र कागदी हिमकण एसीच्या झोतात गरगरत असतात. खऱ्या बर्फात आपली मजल महाबळेश्वरच्या वेण्णा तलावापर्यंत. थंडी कडक पडली तर एखाद्या पहाटे तिथं गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, कुणीतरी ते नखानं खरवडून तळहातावर घेतं, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या घाट चढू लागतात. त्या पोचेपर्यंत बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ झालेली असते. मग सगळे मक्याचं कणीस खाऊन परत येतात. आकाशातून पडणारा बर्फ म्हणाल तर आपल्याला फक्त गारा ठाऊक, आणि गारांचं तोरण लावावं असं द्राक्षाच्या बागा असलेल्या माणसाला आजवर वाटलेलं नाही.

नाताळ हा ज्यांचा सण, ती मंडळी या बर्फाच्या नादी फारशी लागत नाहीत. वसईत नाताळ म्हणजे आधी गोठा: गवत, माती, मेंढ्या आणि शेजारच्या आळीपेक्षा आपला डोंगर उंच व्हावा ही ईर्ष्या. ख्रिसमस ट्रीवर थोडा कापूस पसरला की हिमवर्षाव उरकला. गोव्यात दारावर नखेत्र टांगलं जातं आणि सगळी ताकद स्वयंपाकघरात दोदोल घोटण्यात आणि नेवऱ्या तळण्यात खर्च होते. बर्फाची खरी जबाबदारी उचलली आहे ती कुलकर्णी, पाटील, जाधव आणि शहा या घराण्यांनी. तीही आपण होऊन नाही. ती शाळेकडून येते, आणि रविवारी रात्री येते.

आमच्या ठाण्याच्या घरी ती पावणेनऊला आली. तिसरीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप होता: उद्या ‘विंटर वंडरलँड’, प्रत्येकानं कागदाचे दहा स्नोफ्लेक्स आणावेत, पांढरेच, आणि मुलांना ते स्वतः करू द्यावेत. हे शेवटचं वाक्य सगळ्या शाळा लिहितात आणि सगळे पालक भक्तिभावानं वाचतात. मूल नऊला झोपतं, हिमकण बारापर्यंत होतात, आणि दुसऱ्या दिवशी बाई ‘वा, किती छान केलंस’ असं मुलाला म्हणतात, हा उभयपक्षी मान्य झालेला करार आहे. दहा मिनिटांत गटावर पसाभर अंगठे जमले. एका मातेनं तर चमकी लावलेल्या तयार हिमकणांचा फोटोच टाकला, खाली ‘डन!’ असं लिहून. त्या बाईंबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पहिला प्रश्न कागदाचा. नवऱ्यानं प्रिंटरमधला कोरा गठ्ठा काढला तोच सासऱ्यांनी हात आडवा घातला. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असले तरी काटकसरीतून निवृत्त झालेले नाहीत. त्यांच्या कपाटात पाठकोऱ्या कागदांचा जो साठा आहे तो पुढच्या दोन पिढ्यांना पुरेल. “कापून फेकायलाच ना? मग कोरा कागद कशाला?” या युक्तिवादाला मराठी घरात उत्तर नसतं. त्यामुळे आमचे सगळे हिमकण हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातून कापले गेले. एका बाजूला शुभ्र हिमालय. उलट्या बाजूला ‘थकबाकीदार सभासद’, ‘गच्चीची गळती’ आणि ‘सर्वानुमते’. ए-फोर कागद चौरस करून घ्यायचा तर एका बाजूनं पट्टी कापावी लागते. सासऱ्यांनी त्या पट्ट्या गोळा करून, सारख्या करून, वाणसामानाच्या यादीसाठी क्लिप लावून ठेवल्या. कागद कलेला गेला, पण वाया गेला नाही, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. हिमकण अजून एकही झाला नव्हता.

दुसरा प्रश्न कात्रीचा, आणि इथं मला थोडं थांबावं लागेल, कारण मराठी घरातल्या कात्र्यांवर पुरेसं लिखाण झालेलं नाही.

घरात कात्र्या पुष्कळ असतात, कागद कापणारी मात्र नसते. पहिली स्वयंपाकघरातली. ती दुधाच्या पिशव्या आणि मसाल्याची पाकिटं कापून अशी झालेली असते की तिची दोन पाती एकमेकांना भेटतात ती केवळ जुन्या ओळखीमुळे. दुसरी कंपासपेटीतली, लाल-पिवळ्या मुठीची. मुलांना इजा होऊ नये म्हणून तिला टोक ठेवलेलं नसतं, आणि कागदालाही इजा होऊ नये म्हणून धार ठेवलेली नसते. तिसरी सासऱ्यांची, मिशांची. ती आकारानं आणि प्रतिष्ठेनं इतकी नाजूक की तिच्याकडे कुणी नुसतं पाहिलं तरी ते मिशीवर हात ठेवतात. आणि चौथी, जिचं नाव घेण्यापूर्वी आवाज खाली येतो, ती शिवणाची कात्री.

शिवणाची कात्री शिवणयंत्राच्या खणात, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ठेवलेली असते. ती जड असते, काळी असते आणि टेबलावर ठेवली तर तिचा एकच गंभीर आवाज होतो. तिला कागद लावायचा नाही. हा नियम कुणी, कधी केला याचा पुरावा नाही, पण तो न पाळणाऱ्या पोरांच्या पाठीवर त्याची नोंद महाराष्ट्रभर सापडेल. “कागदानं धार जाते” हे वाक्य मी माझ्या आईकडून, आजीकडून, शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून आणि लग्नानंतर सासूबाईंकडून एकाच सुरात ऐकलेलं आहे. इतर बाबतींत या चौघींचं एकमत होणं अशक्य होतं.

अडचण अशी की हिमकणाला तीच कात्री लागते. हिशेब सरळ आहे. चौरस कागद तिरका दुमडला की दोन पदर, त्रिकोणाचे तीन भाग करून दुमडले की सहा, ती घडी पुन्हा मधोमध मोडली की बारा. नेहमीचा छपाईचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड. म्हणजे बारा पदरांचा मिळून मिलिमीटरहून जास्त जाडीचा पुठ्ठाच. दुधाच्या पिशवीवाली कात्री त्याला चावत राहते, कापत नाही. कंपासपेटीतली तर त्याला फक्त गुदगुल्या करते. ज्यांना शहाणपण आहे ते पतंगाचा पातळ कागद आणतात. पण रविवारी रात्री नऊला ठाण्यात पतंगाचा कागद मिळत नाही आणि पतंगाच्या कागदाला पाठकोरी बाजूही नसते.

सासूबाईंपुढे विषय काढला. त्यांनी एकदा सुनेकडे, एकदा घडीकडे आणि एकदा नातीच्या बंद दाराकडे पाहिलं. नातीसाठी म्हणून त्यांनी कात्री काढली, पण दिली नाही. “कापायचं तर मीच कापीन,” म्हणाल्या, आणि पदर खोचून जेवणाच्या टेबलाच्या डोक्याशी येऊन बसल्या. ज्याच्या हाती कात्री तो अध्यक्ष. त्या क्षणापासून आम्ही बाकीचे घडी घालणारे कामगार झालो.

आता घडी. अर्धं करायला कुणालाही येतं: टोकाला टोक जुळवा, नख फिरवा, झालं. तीन सारखे भाग करणं हे मात्र निराळंच काम आहे. वडिलोपार्जित जमीन तीन भावांत वाटायला बसलेल्या कुठल्याही तलाठ्याला विचारा. नवऱ्यानं यूट्यूब लावलं. तिथं चेहरा नसलेले दोन गोरे हात असतात, नखं नीट रंगवलेली, मागं गिटार वाजत असते. ते हात चौरस करेपर्यंत अगदी सावकाश चालतात, आपल्याला कळलंय ना याची खात्री करत. तीन भाग करायची वेळ आली की एकदम काहीतरी फडफड होते, आणि पुढच्या क्षणी घडी तयार! नवऱ्यानं ती तेवढी फडफड मागं नेऊन पुन्हा पाहिली, मग मंद गतीनं पाहिली, आणि शेवटी ‘हे लोक लपवतात’ या निष्कर्षाला आला.

मग त्यानं अभियंत्याला शोभेल असा तोडगा काढला. तिनानं भागण्याची भानगडच नको. अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं. सासूबाईंनी खचाखच चार कापे घेतले, घडी उलगडली आणि टेबलावर आठ पाकळ्यांचं एक देखणं फूल उमललं. मी “वा!” म्हणणार इतक्यात सासऱ्यांनी चष्मा लावला, पाकळ्या मोजल्या आणि कागद नवऱ्याकडे सरकवत म्हणाले, “हे अष्टदल कमळ आहे. यावर लक्ष्मी बसेल. बर्फ बसणार नाही.”

सासऱ्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हीच पुढच्या दोन तासांची अडचण झाली. हिमकणाला सहा हात असतात. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळी करून बसतात आणि ती जाळी वाढत वाढत डोळ्यांना दिसेल एवढी झाली तरी सहा कोपऱ्यांची सवय सोडत नाही. क्वचित दोन कण एकमेकांत अडकून बारा हात होतात. आठ मात्र होत नाहीत. तरी जगभर आठ हातांचे हिमकण भेटकार्डांवर आणि स्वेटरांवर राजरोस पडत असतात. २००९ च्या डिसेंबरात थॉमस कूप या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं याबद्दल ‘नेचर’ या नामांकित विज्ञान साप्ताहिकाला तक्रारीचं पत्र पाठवलं आणि त्यांनी ते छापलं. सासऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांना कूप यांच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. संपादकांना पत्रं लिहिणारी माणसं जर्मनीतही आहेत हे त्यांना नवीन होतं.

साठ अंशांचा कोन हवा होता. सासरे उठले, नातीच्या दप्तरातून कंपासपेटी आणली आणि त्यातला तो लांबोडा गुण्या बाहेर काढला. कंपासपेटीत दोन गुण्ये असतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते कशासाठी असतात हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यातला एक साठ-तीसवाला. हा गुण्या पिढ्यान्‌पिढ्या फक्त कडा कुरतडण्याच्या, बाकावर गिरवण्याच्या आणि शेजारच्याला टोचण्याच्या उपयोगी पडत आलाय. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर त्याला प्रथमच त्याचं नेमून दिलेलं काम मिळालं. आम्ही सगळेच जरा भारावलो.

खरं तर गुण्याचीही गरज नाही. १८९३ साली टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांनी मद्रासमध्ये ‘जॉमेट्रिक एक्झरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमिती. त्यात त्रिकोण आहे, पंचकोन आहे, षटकोन आहे, थेट पंधरा बाजूंपर्यंत मजल आहे. जर्मनीच्या फेलिक्स क्लाइनसारख्या बड्या गणित्याची त्याच्यावर नजर गेली आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेतही छापून आलं. बर्फ न पाहिलेल्या मद्रासच्या उकाड्यात बसून एका माणसानं कागदाला षटकोनाची शिस्त लावून ठेवलेली, आणि आपण गिटार वाजवणाऱ्या हातांवर विसंबून बसतो! युक्ती अगदी सोपी: चौरसाच्या मधोमध एक उभी घडी पाडायची, आणि खालचा एक कोपरा असा उचलायचा की घडी दुसऱ्या खालच्या कोपऱ्यातून जावी आणि उचललेला कोपरा बरोबर मधल्या रेषेवर टेकावा. उचललेली कड तळाशी साठ अंश करते. कागदाला कोनमापक लागत नाही. त्याला फक्त एक हट्टी माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे होता.

सासऱ्यांच्या घड्या मग एकामागून एक पडू लागल्या, फाईलमधल्या टिपणांसारख्या काटेकोर. आणि मी स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता विचार करत होते की या सहाच्या आकड्यानं याआधीही मोठमोठ्यांची झोप उडवली आहे. योहानेस केपलर प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फचा राजगणिती होता, म्हणजे पद मोठं आणि पगार थकलेला. १६११ च्या नव्या वर्षाला आपल्या आश्रयदात्या मित्राला, वॅकर फॉन वॅकनफेल्सना, काय भेट द्यावी या विवंचनेत तो पुलावरून चालला असताना अंगरख्यावर बर्फ पडला. ही भेट फुकट होती. त्यानं त्यावरच एक छोटी लॅटिन पुस्तिका लिहून दिली: हिमकण नेहमी सहाच कोपऱ्यांचा का? पाच का नाही, सात का नाही? उत्तर शोधताना त्यानं मधमाश्यांचं पोळं पाहिलं, डाळिंबाचे दाणे पाहिले, गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत याचा विचार केला आणि आपल्या नाक्यावरचा फळवाला मोसंबी रचतो तशी रचना सगळ्यांत दाट असं जाता जाता लिहून टाकलं. ते सिद्ध करायला गणित्यांना जवळजवळ चारशे वर्षं लागली. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये ती सिद्धता मांडली, आणि तिची संगणकावर ओळ न ओळ तपासणी पूर्ण व्हायला २०१४ उजाडलं. बर्फाचं काय? तो प्रश्न केपलरनं पुस्तिकेच्या शेवटी रसायनवाल्यांच्या गळ्यात घातला आणि मोकळा झाला. भेटवस्तूवर पैसे न खर्चण्याचं एवढं विद्वत्तापूर्ण कारण मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसरा वेडा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यानं १५ जानेवारी १८८५ ला हिमकणाचा पहिला फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, त्यातला एक कण काडीच्या टोकावर अलगद उचलायचा, काचेवर ठेवून पक्ष्याच्या पिसानं दाबून बसवायचा, आणि हे सगळं श्वास रोखून, कारण उच्छ्वास लागला की नमुना खलास. त्याच्या वडिलांचं मत होतं की गाई-गुरं सोडून हे काय खूळ. व्हरमाँटचे वडील आणि विदर्भाचे वडील यांच्यात मला तरी काही फरक दिसत नाही. आईनं मात्र सूक्ष्मदर्शक आणून दिला होता. कुठल्याही कर्तबगार माणसाच्या चरित्रात ही वाटणी अशीच असते.

टेबलाशी परतले तेव्हा कापण्याचं काम रंगात आलं होतं. नवऱ्यानं सासूबाईंकडून एका घडीपुरती कात्री मागून घेतली होती, हे त्यांच्या पुत्रप्रेमाचं लक्षण. कापताना एकच पथ्य असतं: घडीची बाजू सबंध कापायची नाही, मधे मधे तिला धरून ठेवायचं. नवऱ्याला पथ्य जमत नाही. डॉक्टरही हेच म्हणतात. त्यानं दोन्ही बाजूंनी उत्साहानं नक्षी काढली, घडी उलगडली आणि हिमकणातून सहा स्वतंत्र संस्थानं टेबलावर पडली. सासऱ्यांनी आपल्या घडीवर आधी शिसपेन्सिलीनं रेघा मारून घेतल्या होत्या. त्यांचा हिमकण कोनात अचूक, मापात अचूक, आणि दिसायला गिरणीतल्या दात्यांच्या चाकासारखा. त्यांना तोच आवडला. सासूबाईंनी मात्र रेघा नाहीत, काही नाही, रांगोळीच्या ठिपक्यांच्या अंदाजानं चौकट, करंजीच्या अंदाजानं अर्धगोल असे कापे घेतले, आणि कडेला नक्षी हवी म्हणून आतून चक्क शंकरपाळ्यांचं कातणं आणून फिरवलं. कातण्यानं बारा पदर काही कापले नाहीत, पण कडेला एक झालरीसारखी खूण उमटली. उलगडल्यावर त्या एका कणाकडे सगळे पाहतच राहिले. एका पाकळीच्या मागं ‘सचिवांनी आभार मानले’ एवढं वाक्य शाबूत होतं.

साडेनऊच्या सुमाराला कन्या पाणी प्यायला उठून आली. टेबलाकडे पाहिलं, मोजलं, आणि झोपेतच म्हणाली, “पण टीचरनी आठवाले दाखवलेत.” आणि पुन्हा झोपायला गेली.

यानंतर जे झालं त्याला वाद म्हणणं अन्याय होईल. नवरा म्हणाला, शाळा म्हणेल तसं द्यावं. सासरे म्हणाले, शाळेनं पाण्याचे रेणू बदलून दाखवावेत. मी पाच सहावाले आणि पाच आठवाले असा मध्यममार्ग सुचवला, तर दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आघाडी सरकारांचं दुःख मला कळलं. मग नवऱ्यानं तज्ज्ञाचं मत म्हणून मिनिआपोलिसला धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. दीर कानटोपी घालून, फावडं हातात घेऊन, गुडघाभर बर्फात गाडीच्या मागं उभे होते. नवऱ्यानं विचारलं, तुझ्या तिकडच्या बर्फाला हात किती? दिरांनी फावडं टेकवलं. “हात? माझे दोन आहेत, ते पुरत नाहीत. तुम्ही लोक हा मुद्दाम घरी बनवताय?” एवढंच म्हणाले. मागून त्यांची मुलगी ओरडली की काकू, बघा, आम्ही दिवाळीचा कंदील अजून काढलाच नाही, गॅरेजमध्ये लावलाय, कारण बाहेर फाटतो. ती बिचारी उणे पंधरात आकाशकंदील वाचवते आहे आणि आम्ही पंखा बंद करून, घाम गाळत बर्फ वाचवतोय. योगायोगानं, उणे पंधराच्या आसपासच ढगातला बर्फ ती प्रसिद्ध पिसारेदार चांदणी धरतो. उणे पाचला त्याच्या नुसत्या सुया आणि खांब होतात. म्हणजे आम्ही कापत होतो तो नेमका मिनिआपोलिसच्या दर्जाचा माल.

शेवटी घड्या सासऱ्यांच्या होत्या म्हणून सहाचा विजय झाला. रात्री सगळे कण जुन्या वर्तमानपत्रात घालून गादीखाली दाबून ठेवले. इस्त्रीपेक्षा हे बरं, वीज लागत नाही. सकाळी कामाच्या मावशी आल्या आणि टेबलाखालच्या कपट्यांचा खच पाहून दारातच थांबल्या. कागदाचे बारीक कपटे केरसुणीला चिकटतात, पायाला चिकटतात, पंखा लावला तर घरभर उडतात आणि आठवडाभर वरणात सापडतात. “सत्यनारायण होता का?” एवढंच त्यांनी विचारलं.

शाळेत काय झालं ते सांगते. बाईंनी दहाही हिमकण हसून घेतले. अशा चारशे मुलांचे मिळून जे काही हजार झाले ते सभागृहाच्या छताला दोऱ्यांनी टांगले. छत वीस फूट उंच. खालून पाहिलं तर सहावाले, आठवाले आणि एका वडिलांनी थेट डॉयलीची पाकिटं विकत आणून दिली होती तेही, सगळे सारखेच गोल दिसत होते. फक्त आमचे ओळखू येत होते, कारण वाऱ्यानं उलटले की त्यांच्यावर अक्षरं दिसत. आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ आपल्या मुलाचं नृत्य पाहायला आले होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ थकबाकीदारांची यादी वाचण्याचा प्रयत्न केला आणि मग जरा लवकरच निघून गेले.

घरी उरलेले कण सासूबाईंनी टाकू दिले नाहीत. जानेवारीत धाकट्या नातवाचं, म्हणजे नणंदेच्या मुलाचं, बोरन्हाण होतं. संक्रांत, काळं कापड आणि त्यावर पांढरं, ही जोडी आपल्याकडे केव्हापासूनचीच आहे. त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीला काळी साडी लावली, त्यावर टाचणीनं ते हिमकण टोचले आणि खाली मुलाला हलव्याचे दागिने घालून बसवलं. हलवा त्यांनी घरीच केला होता. आमच्याकडे तो अजून हातानं होतो: परातीत तीळ किंवा साबुदाणे, खाली मंद आच, चमच्या-चमच्यानं पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, दिवसचे दिवस. थंडी चांगली पडली तर काटा चांगला येतो, असं हलवा करणाऱ्या बायका सांगतात. बर्फाचंही काहीसं असंच: १९३६ मध्ये जपानात होक्काइदो विद्यापीठाच्या उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला तो सशाच्या केसावर; त्याआधी त्यांनी आणखी कशाकशाचे धागे वापरून पाहिले होते. साखर असो की बर्फ, स्फटिकाला वाढायला मधे एखादा बारीकसा आधार लागतो आणि बाहेर कुणीतरी चिकाटीचं माणूस. मी हे सासूबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सशाचा केस? खाण्याच्या वस्तूत?” आणि विषय संपवला.

बोरन्हाणाला आळीतल्या बायका आल्या. लाह्या, बोरं, उसाचे करवे मुलाच्या डोक्यावरून उधळून झाले, पोरांनी ते लुटून झाले, हळदीकुंकू झालं, वाणाची चाळणी ज्याच्या-त्याच्या पिशवीत गेली. भिंतीचं सगळ्यांनी कौतुक केलं. काहींना ती हलव्याचीच नक्षी वाटली. एकीनं टाचणी काढून एक पाकळी जिभेला लावूनही पाहिली. मग दोन मजले वरच्या काकूंनी चष्मा सावरला, भिंतीजवळ गेल्या, बोटानं मोजलं आणि म्हणाल्या, “छान आहे हो, पण पाकळ्या सहाच? आठ असत्या तर जास्त शोभल्या असत्या.”

हळदीकुंकवाच्या दिवशी सासरे आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत, हा आमच्या घरचा दंडक आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि हातात तिळगूळ धरलेल्या त्या पंधरा-वीस बायकांपुढे उभं राहून त्यांनी १६११ पासून सुरुवात केली.